रणजितने न घेतलेली शपथ

त्या शुक्रवारी पहाटे दोहात, अल थुमामातल्या बागेच्या फाटकाशी आम्ही सगळे जमलो आणि रणजित आलेला नव्हता. आमच्या आधी येऊन, वॉर्मअप उरकून, उशिरा येणाऱ्यांकडे नुसतं बघत उभं राहायची त्याची पद्धत. त्यामुळे आम्हाला गंमतच वाटली. "यल्ला, चला, कोचनंच दांडी मारली, आज सरळ अल मन्सूराला जाऊन डोसे हाणू," असं कुणीतरी जाहीर करून टाकलं. मधुमेहवाले, बीपीवाले, पोट सुटलेले असे आम्ही सगळे त्याच्या कृपेने चार पावलं पळणारे. हसत होतो... तेवढ्यात माझा फोन वाजला. शैला, रणजितची बायको. "ताई, हे उठत नाहीयेत," एवढंच म्हणाली. आम्ही पोचेपर्यंत अँब्युलन्सच्या माणसांनी प्रयत्न थांबवले होते. झोपेतच गेला. पन्नाशीचा माणूस, अंगावर चिमूटभर चरबी नाही, आणि तो गेला. आम्ही थुलथुलीत मंडळी मात्र आज इतक्या आठवड्यांनंतरही टुणटुणीत आहोत. मला याचा अजून राग येतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

रणजित फडतरे हे नाव जुन्या वाचकांना कदाचित आठवेल. लांब पल्ल्याचा धावपटू. सातारा जिल्ह्यातल्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावचा. एके काळी त्याचे फोटो शाळाशाळांच्या भिंतींवर असायचे, आणि पुढे एका वर्षात ते उतरवलेही गेले. मला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. माझी त्याची पहिली भेट भांडणाने झाली. तो इथल्या एका भारतीय शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि माझी मुलगी ईशा त्याच शाळेत. क्रीडादिनाला सगळी शाळा हात पुढे करून शपथ घेते: नियमाने खेळू, हार हसत स्वीकारू वगैरे. मी नटूनथटून, कॅमेरा घेऊन पहिल्या रांगेत. बघते तर एवढ्या मोठ्या मैदानात एकटी ईशा हात खाली ठेवून उभी! कार्यक्रम संपताच मी तरातरा जाऊन सरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मी सगळ्यांना आदल्या दिवशी विचारतो, हे तुम्हाला जमेल का. ती म्हणाली, हरले तर मला हसता येणार नाही. मग कशाला घ्यायला लावू?" मी ईशाकडे वळले तर ती म्हणाली, "मम्मा, आय वॉज जस्ट बीइंग ऑनेस्ट." मी कपाळावर हात मारला. मुख्याध्यापिका त्याच्यावर भडकल्या होत्याच. त्याने त्यांचंही ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच केलं.

दोहात राहून हा माणूस कधी 'इन्शाल्ला', म्हणजे देवाची इच्छा असेल तर, असं म्हणाला नाही. आपण सगळे म्हणतो. मराठी मंडळाच्या मीटिंगला येणार का, इन्शाल्ला. उम्म सलालला जेवायला या, इन्शाल्ला. खरी श्रद्धा असलेल्याच्या तोंडी त्या शब्दाला वजन असतं, आपण तो पळवाट म्हणून वापरतो. रणजित सरळ "जमणार नाही" म्हणायचा. लोकांना ते लागायचं. पण तो "येतो" म्हणाला की गॅसवर चहा चढवायला हरकत नसे.

ते फोटो का उतरवले गेले, याबद्दल तो आपणहून कधी बोलला नाही. आधी मला इतरांकडून कळलं, तेही तिखटमीठ लावून, "अहो, आर्मीतून पळालेला तो!" असं. मी एकदा फिरताना त्याला सरळ विचारलं आणि त्याने सरळ सांगितलं. विशीत असताना फौजेने त्याला खेळाडू म्हणून निवडलं होतं. पगार, खुराक, प्रशिक्षक, सगळं मिळणार आणि काम एकच, पळायचं. प्रशिक्षण पुरं केलं. गोळीबारातही तो चांगला होता म्हणे. मग शपथेची परेड आली. आदल्या दिवशी त्यात काय म्हणायचं आहे ते त्याने नीट वाचलं, साहेबांकडे गेला आणि म्हणाला, मला ही शपथ घेता येणार नाही, माणसावर गोळी झाडायची वेळ आली तर माझ्याच्यानं झाडवणार नाही. साहेब भला माणूस होता. त्याने समजावलं, "अरे, तुझ्या हातात बंदूक देतंय कोण? तू फक्त पळ." यावर रणजितचं म्हणणं असं की मग मी तसं म्हणायचं कशाला? "ताई, उद्या खरंच वेळ आली तर शेजारचा जवान माझ्या भरवशावर उभा असणार. तो माझ्या खोट्या शपथेपायी मरणार. त्यापेक्षा मी भित्रा ठरलेलो बरा."

मला त्याचं सगळं पटलं होतं असं नाही. मी त्याच्याशी पुष्कळ वाद घातला. सगळेच असं म्हणायला लागले तर सीमेवर कोण उभं राहणार, हे मी त्याला तोंडावर विचारलं आहे. "जे उभे राहतात त्यांच्या पाया पडतो मी," तो म्हणायचा, "पण त्यांच्यातला आहे असं सोंग करणार नाही." नाव रणजित आणि रणाशीच वाकडं, म्हणून मी चिडवायचे, तर खो खो हसायचा. खरी गंमत म्हणजे आम्हा सगळ्यांत फौजी वाटायचा तो एकटाच. चादरीला सुरकुती नाही, बुटांना धूळ नाही, बोलण्यात फाटे नाहीत. हे सगळं घरातून आलेलं. त्याचे वडील, आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले.

परेडला आईवडिलांना बोलावतात. आबा छातीवर पदकं लावून, आदल्या दिवशीच गाडीत बसून निघाले होते, तेव्हा मोबाइल कुठले! सकाळी ते मैदानाशी येऊन बसले आणि रांगेरांगेतून मुलगा शोधत राहिले. परेड संपल्यावर तो त्यांना फाटकापाशी दिसला, साध्या कपड्यांत, ट्रंक घेऊन. आबा लगबगीने आले आणि पहिलं काय विचारलं, तर "पाय दुखावला का रं?" रणजितने खरं ते सांगितलं. त्यानंतर आबा त्याच्याशी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, लग्नात नाही, नात झाली तेव्हा नाही, आई गेली तेव्हाही नाही. गावाने, वर्तमानपत्रांनी काय काय म्हटलं, मैदानं कशी मिटत गेली, हे तो हसत सांगायचा. पण हे एक वाक्य सांगताना हसायचा नाही. "पाय दुखावला का, असं विचारलं त्यांनी..." म्हणायचा आणि पुढे चालू लागायचा.

तरी दर शुक्रवारी आमचं पळणं आटोपलं की तो घरी जाऊन गावी फोन लावायचा. आबा फोन उचलायचे. बोलायचे नाहीत, पण ठेवायचेही नाहीत. रणजित फोन स्पीकरवर ठेवून एकटाच बोलत राहायचा. मी एकदा शैलाकडे डबा द्यायला गेले होते, तेव्हा ऐकलंय. "आबा, आज लई दमट हाय इथं. सकाळीच अंग भिजतंय. पोरं बरी पळाली. तुमच्या गुडघ्याचं तेल संपलं आसंल तर पाठवतो." मध्ये मध्ये थांबायचा, जणू पलीकडून उत्तर येतंय. पलीकडे एखादं कुत्रं भुंकायचं, भांडं पडायचं, तेवढंच. मला तिथे बसवेना. "काय मिळतं रे तुला?" मी नंतर विचारलं, जरा रागानेच. तर म्हणाला, "श्वास ऐकू येतो की, ताई."

तो गेला त्या सकाळी त्याच्या घरात माणसांची गर्दी, कागदपत्रांची धावपळ, आणि त्यात त्याचा मोबाइल वाजला. पडद्यावर 'आबा'. तिकडून कधी फोन आलेला नव्हता. शैलाने स्पीकर लावला आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. म्हातारा, खरखरीत, पण हुकमी आवाज. "रणजित? आज फोन न्हाई केलास रं?"

शैलाने कसं सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. गावी नेल्यावर आबांनी स्वतः मडकं धरलं, कुणाला हात लावू दिला नाही, असं ती सांगते.

आता ती लेकीच्या परीक्षेपुरती परत आली आहे. घर आवरतेय, पण रणजितचा मोबाइल बंद करत नाही. शुक्रवारी सकाळी तो वाजतो. मागच्या शुक्रवारी मी तिथेच होते. तिने फोन उचलून, स्पीकर लावून टेबलावर ठेवला, पण बोलली नाही. तिला बोलवत नाही आणि आबांनाही बहुधा तसंच हवं असतं. ते बोलू लागले. पाऊस उघडलाय. घेवडा काढायला आलाय. गुडघ्याला तेल लावतोय. मग म्हणाले, "खोटं वागला आसतास तर दोन ठिवून दिल्या आसत्या अन् मिटवलं आसतं रं. तू खरं बोललास. त्याला काय उत्तर द्यायचं, ते मला गावंना... अन् तू तर गेलास."

शैला पदराने तोंड दाबून आत निघून गेली. फोन चालूच होता. मला श्वास ऐकू येत होता, संथ, म्हाताऱ्या माणसाचा. बऱ्याच वेळाने आवाज आला, "तिकडं दमट हाय का रं आज?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी फोन जवळ ओढला.

"आहे, आबा," म्हटलं. "आज खूप दमट आहे."