ऑयगेनकाकांचा बिनबंदुकीचा बोल्ट

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या नेमबाजी क्लबात ऑयगेन हाइगिस यांना कुणी "नक्की का?" असं विचारलेलं नव्हतं. नेकारकाठच्या आमच्या गावात सैन्याच्या पहिल्या महायुद्धातल्या जुन्या रायफली जमवणारे वीसेक जण आहेत. कुणी नवी रायफल मिळवली की ती आधी काकांसमोर यायची. काका जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले. डोळ्याला भिंग लावून पोलादावरचे बारीक ठसे वाचायचे आणि म्हणायचे, "पंधरा साल. आपल्याच गावच्या कारखान्यातली. नळी लाकडाला बांधणारी पुढची कडी मात्र नंतरची." विषय संपला.

मग कीलहून फ्राउके ब्रोडरसन आली. पस्तिशीची, दवाखान्यांना कवळ्या बनवून देणारी, बाहीवर कायम प्लास्टरचे पांढरे डाग. पहिल्याच महिन्यात काकांनी अठरा सालची ठरवलेली रायफल तिने सतराची ठरवली. ती बरोबर निघाली. तेव्हापासून लोक खुर्च्या उचलून हळूहळू तिच्या टेबलाकडे सरकले.

"बंदरावरची बाई," काका म्हणायचे. "मासे ओळखावेत तिने."

"पोटात दुखतंय तुझ्या," त्यांची बायको हेडविग क्लबच्या स्वयंपाकघरातून ओरडायची. "आणि माझ्या बटाट्याच्या सॅलडनं नाही, ऑयगेन!"

मी शनिवारी तिथे वाढायला असते, त्यामुळे हे सगळं माझ्या कानांवर.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी क्लबात 'हाक' असते. युद्ध हरल्यावर रायफली एका ढिगात आणि त्यांचे बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारे मुठीचे दांडे, दुसऱ्या ढिगात टाकलेले. ती ताटातूट अजून मिटलेली नाही. ज्याच्याकडे नुसता बोल्ट आहे किंवा परक्या बोल्टची रायफल आहे, त्याने उभं राहून त्यावरचा आकडा तीनदा वाचायचा. जोडीदार ज्याच्याकडे असेल त्याने म्हणायचं, "इथे आहे." आणि मग बोल्ट देऊन टाकायचा. बोल्टवाल्याने रायफलवाल्याला. उलटं नाही.

काका गेली एकतीस वर्षं पेटीतल्या नुसत्या बोल्टवरचा एकच आकडा वाचत होते: चार हजार एकशे सत्तावीस. पोरासोरांनाही पाठ होता. हाकेत नाही, तर बाजारात ती रायफल कधीतरी आपल्या हाती लागेल, आपण ती घेऊ आणि पूर्ण करू, एवढंच त्यांचं स्वप्न.

यंदा त्यांच्या आधी फ्राउके उठली. हातात पंधरा सालची रायफल. कागद सरळ करून तिने वाचलं, "चार हजार एकशे सत्तावीस."

चमचे थांबले. सगळ्या माना काकांकडे.

दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा. काका मिशीवरचा बिअरचा फेस पुसत होते.

"ऑयगेन," क्लबचे अध्यक्ष अँटोन म्हणाले, "झोपलास की काय?"

"जागा आहे. बोल्टवर नुसते चार आकडे असतात, अँटोन. दर दहा हजारांनी तोच आकडा परत येतो. कारखाने किती, वर्षं किती! असे चार हजार एकशे सत्तावीस ढिगानं असतील."

"मग आजवर ओरडत कशाला होतास?"

हशा पिकला. काकांचे कान लाल झाले.

"बघू का मी?" फ्राउकेने विचारलं. "तुमची हरकत नसेल तर, हाइगिससाहेब."

नाही म्हणण्याची सोय नव्हती. काकांनी पेटीचं कुलूप उघडलं. तिने बोल्टची मूठ दिव्याखाली धरली, मग रायफलीवरचा ठसा पाहिला. दोन्हीकडे कारखान्याच्या तपासनिसाने ठोकलेला इवलासा मुकुट. ती बराच वेळ पाहत राहिली. माझ्या हातातलं ताट, आमच्याकडच्या मसुरीबरोबरच्या शेवयांचं, गार होत चाललं.

"नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "रायफलीवरच्या मुकुटाला उजवा दात आहे, बोल्टवरच्याला नाही. ठसा वेगळा. हाइगिससाहेब बरोबर म्हणतात."

काकांच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं. बोल्ट वाचला होता. त्यांनी हात पुढे केला.

"चला, बाईंनी सांगितलं म्हणजे झालं," अँटोन म्हणाले. "पुढचा!"

काकांचा हात हवेतच राहिला.

"बाईंनी सांगितलं म्हणजे?" ते म्हणाले. "म्हणजे काय, अँटोन?"

"अरे, तूच म्हणालास ना, की..."

"मी काय म्हणालो ते सोड! तिनं कशावरून सांगितलं ते बघ!" त्यांनी भिंग डोळ्याला खुपसलं आणि तिच्या हातातून बोल्ट हिसकावला. "अगं, मूठ गोल आहे! गोलावर ठसा पुरता बसतो का कधी? उजवीकडे शिक्का टेकलाच नाही. डावीकडे बघ. डावा दात अर्धा तुटका. आता तुझ्या रायफलीवर बघ. डावा दात?"

फ्राउके वाकली. "अर्धा... तुटका."

"एकच शिक्का, एकाच माणसाचा हात! जन्मभर दात घडवतेस आणि दात मोजता येत नाहीत?"

एवढं बोलून झालं, तेव्हा काकांना कळलं आपण काय बोललो ते. फ्राउके त्यांच्याकडे पाहत होती. काकांनी तिला 'अगं' म्हटलं होतं, तेही तिला आत्ताच जाणवलं असावं.

"मग?" अँटोन हळूच म्हणाले.

काकांनी बोल्टवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"इथे आहे," ते म्हणाले.

फ्राउकेने बोल्ट रायफलीत सरकवला. कुठे अडला नाही, घासला नाही. मूठ खाली आली आणि 'टक्' झालं. अख्खा क्लब तिच्या टेबलाभोवती गोळा झाला. परवान्यातल्या नोंदीचं सोमवारी बघू, असं अँटोन सांगत होते, पण ऐकतंय कोण!

काका रिकामी पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले.

"हेडविग, ऐकलंस? चुकली ती. सगळ्यांसमोर."

"ऐकलं. आणि बोल्ट?"

काकांनी मागे वळून गर्दीकडे पाहिलं. माणसांच्या पाठींमधून रायफलीचं नळीकडचं टोक तेवढं दिसत होतं.

"पुढची कडी नंतरची आहे त्या रायफलीची," ते म्हणाले.

"मग जा, सांग तिला."

"पुढच्या शनिवारी. आज तिच्या कौतुकात कुणाला ऐकू यायचं नाही."