बरक्या फणसाचं वाण

बरक्या फणसाला कुणी नासका म्हटलं की आजही माझं टाळकं फिरतं. काप्याचा गरा कडक, दाताखाली करकरतो, म्हणून शहरातल्या माणसांना तोच तेवढा फणस वाटतो. बरक्याचा गरा मऊ, बोट लावलं की घसरतो. पण सांदण करावं तर बरक्याचंच. रस चाळणीवर चोळून काढायचा, त्यात तांदळाच्या कण्या, गूळ, ओलं खोबरं घालून वाफवायचं. माझं माहेर राधानगरीकडचं, पावसाचं. भातलावणीच्या दिवसांत घरात भाजी म्हणून काही नसायचं, तेव्हा राखेत भाजलेल्या आठळ्या आणि आठळ्यांचीच आमटी खाऊन आम्ही पोसलो. चैत्रात कोवळ्या फणसाची कांदा-लसूण चटणी घालून अशी भाजी व्हायची की मटणाची कुणी आठवण काढत नसे. आज्ज्यानं लावलेल्या त्या एका बरक्या झाडानं आम्हा सगळ्यांना पावसाळ्यातनं तारून नेलं. आणि त्याला माझ्या सासरची माणसं नासका म्हणाली.

सत्तर सालच्या आसपास लग्न होऊन मी कोल्हापुरात पेठेत आले. सासरी गोठ्यात म्हशी, दुधाचा धंदा, आणि साधं बोलणंसुद्धा भांडल्यासारखं. पहिल्या वटपौर्णिमेला लेकीच्या वाणात गरे पाहिजेत म्हणून आबा, म्हणजे माझे वडील, घरच्या झाडाचा फणस घेऊन आले. कंडक्टर टपावर टाका म्हणत होता. पण पिकलेला बरका टपावर फुटून जाईल म्हणून आबा राधानगरीपासून तो मांडीवर घेऊन बसले. धोतरभर चिकाचे डाग पडले होते.

आबा बाहेरच्या सोप्यात चहा पीत बसले. आत सासूबाईंनी, त्यांना मी आत्ती म्हणायची, विळीला तेल लावून फणस फोडला. गऱ्यात बोट रुतलं तसं त्यांनी तोंड वाकडं केलं.

"अगं बया, नासका आणलाय की ह्यो."

"आत्ती, नासल्याला न्हाय. बरका हाय, आसाच असतोय."

"मला शिकवू नगंस. जल्मात कधी गरं खाल्लं न्हाईत व्हय मी?"

खाल्ले असतील, पण मंडईतले, काप्याचे. ज्याची चव माहीत नाही त्याला नासकं म्हणायचं, ही कुठली रीत? वर आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. त्यांनी सगळे गरे घमेल्यात भरले आणि म्हशीपुढं नेऊन ओतले. वाणासाठी मंडईतनं पानभर गरे मागवले. मी रडले नाही, पण हातातलं लाटणं मात्र आपटलं.

सोपा आणि सैपाकघर यांत एक भिंत. आबांनी सगळं ऐकलं होतं. हात धुवायला ते मागं गेले, तेव्हा म्हैस त्यांचा फणस खात होती. "खाऊ दे, मुकं जनावर हाय," एवढंच म्हणाले. मग आत येऊन, पाटावर बसून, वाढलं ते सगळं जेवले. ते उपाशी निघून गेले असते तर मला एवढं लागलं नसतं. व्याह्याच्या घरी लेक नांदते, म्हणून माणसानं किती गिळायचं?

पुढच्या वटपौर्णिमेला आबा पुन्हा फणस घेऊनच आले. आत्तींनी फोडला तर कडक, पिवळेधमक गरे. त्या खूष झाल्या. माझा मात्र जीव थाऱ्यावर राहिना. मी आबांना मागच्या दारी गाठलं.

"आबा, ह्यो आपल्या झाडाचा न्हाय."

"न्हाय. स्टँडावरनं येताना मंडईत घेतला. कडक बघून घेतला. तुला बोल नगं लागाय."

"आन् आपल्या झाडाचं?"

"लागल्यात की मायंदळ. खात्यात गावातली पोरं."

दारात झाड वाकलेलं असताना माझ्या बापानं फणस विकत घेतला होता. ज्या माणसानं जन्मात कधी फणसाला पैसा मोजला नाही, त्यानं माझ्या सासरच्यांच्या दाताला करकरीत लागावा म्हणून मोजला. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

संध्याकाळी शेजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या. आत्तींनी गऱ्यांचं ताट फिरवलं. "खावा, खावा. आमच्या व्याह्यांच्या घरच्या झाडाचा हाय. आसला फणस तुमच्या मंडईत गावायचा न्हाय."

आबा सोप्यातच होते. त्यांच्यापर्यंत जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "आत्ती, ह्यो मंडईतलाच हाय, इकतचा. आबांच्या झाडाचा गेल्या साली तुमच्या म्हशीनं खाल्ला."

आत्तींच्या हातातलं ताट तिथंच थांबलं. बाहेर आबा नुसते खाकरले.