लिंबाचं वजन

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी दहा. जागा : अंधेरीतल्या एका ऑफिस इमारतीची लॉबी. हजर : मी, माझ्या डिझाइनवरून सगळं घडवणारे चारकोपचे वेल्डर, इमारतीचा मॅनेजर आणि लॉबीची सफाई करणाऱ्या मावशी. उद्घाटन गुरुवारी.

मी लॉबींसाठी छताला टांगायची हलती शिल्पं करते. पातळ दांड्या, त्यांना टांगलेली अॅल्युमिनियमची पानं, सगळं एकमेकांच्या वजनावर तोललेलं. आधीची सात शिल्पं उपनगरांत ठिकठिकाणी लटकताहेत, आणि त्यातलं एकही हलत नाही. मुलुंडचं कुणाच्या डोक्याला लागेल म्हणून तारेने बांधून टाकलं. पवईचं ज्या एसीच्या वाऱ्यावर फिरायचं, तो एसीच बंद केला. बाकीच्यांच्या कहाण्या अशाच. म्हणून या आठव्यासाठी मी केलेल्या यादीत पहिलं कलम होतं : फिरलंच पाहिजे. सोमवारी संध्याकाळी ते फिरत होतं, अगदी संथ. मी पाच मिनिटं काहीही न करता बघत उभी होते.

मंगळवारी ते तिरपं होऊन थांबलेलं. एक पान जिन्याच्या कठड्याला टेकलेलं. सर्वांत खालच्या दांडीच्या टोकाला लिंबू आणि सात मिरच्या.

वेल्डर हसत सुटले. "वयनी, आता ह्येका कोणाची नजर लागाची नाय!"

"हसू नका. शिडी आणा."

मॅनेजर धावत आला. "मॅडम, काढू नका प्लीज. मालकांच्या आईंनी सकाळी पाहिलं. म्हणाल्या, कुणाला तरी अक्कल आहे इथे."

"अहो, दाराला एक बांधलंय ना?"

"ते दाराचं. हे झुंबराचं."

झुंबर नाही, हे मी त्याला महिनाभर सांगत होते. त्या दिवशी सोडून दिलं.

बांधलं होतं मावशींनी, जिन्याच्या वळणावर उभं राहून. मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. त्या पोछा पिळत होत्या.

"मावशी, मला विचारायचं तरी!"

"तुम्ही टांगून जाणार, ताई. खाली दिवसभर मी. मागच्या ऑफिसात काच पडली तेव्हा पहिलं माझंच नाव आलं. इथे काही पडलं तर?"

"पडणार नाही. प्रत्येक जोड तपासलाय."

"मग लिंबाने काय बिघडतं?"

बिघडतं काय, ते दाखवायला मी त्यांना शिडीजवळ नेलं. खालच्या दांडीला दुसऱ्या टोकाला वॉशर लावून तोल साधला, तर तेवढ्याच जादा वजनाने वरची दांडी कलली. तिला सावरलं, तर तिच्या वरची. पाच दांड्या, तीन तास. वेल्डरांचं हसू दुसऱ्या दांडीलाच संपलं होतं. दीड वाजता शिल्प फिरलं. मावशी म्हणाल्या, "छान फिरतंय. शनिवारी नवीन बांधते, तेव्हा जपून बांधीन."

शनिवारी नवीन! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याआधी गुरुवारीच, एसीत दोन दिवस वाळून लिंबू हलकं झालं आणि दांडी उलट्या बाजूला कलली. पाहुणे यायच्या आधी मी साडी खोचून शिडीवर चढले आणि वॉशर कमी केले. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. ते फिरलं, पण तेव्हा पाहुण्यांची त्याच्याकडे पाठ होती.

तेव्हापासून दर शनिवारी मी खिशात वॉशर घेऊन अंधेरीला जाते. मावशी बाजारातून शक्य तेवढं सारख्या आकाराचं लिंबू निवडून आणतात, हे मान्य करायला हवं. तरी मंगळवारपर्यंत शिल्प थांबतं. लिंबू काढून टाकणं मला अवघड नाही. पण खाली दिवसभर त्या असतात, मी नाही.

उपाय मला माहीत आहे. वर, जिथून सगळं शिल्प लटकतं त्या मधल्या गाठीखाली एक आकडा बसवायचा आणि लिंबू तिथे टांगायचं. तिथे वजन कमीजास्त झालं तरी एकही दांडी कलत नाही. शनिवारी ते दोरीने खाली घेता येईल. मावशींना पटलंय. वेल्डरांनी आकडा करून ठेवलाय. पण त्यासाठी लॉबीत परांची उभारावी लागते, आणि मॅनेजर म्हणतो, "मॅडम, आत्ताच तर उद्घाटन झालं. लोक काय म्हणतील?"

तीनदा अर्ज दिला. आकडा माझ्या टेबलावर आहे. यादीतल्या पहिल्या कलमापुढे अजून खूण नाही.