जंगलशेठचं रान

जंगलशेठला कुणीही नवा माणूस भेटला, की त्याला रानात कुठे बसवायचं हे तो आधी ठरवून टाकायचा. रान म्हणजे आम्हाला इंटरला लावलेल्या एका जुन्या इंग्रजी नाटकातलं. राज्य गमावलेला राजा मेंढपाळांच्या शेजाराला जाऊन राहतो, त्याची मुलगी पुरुषाच्या वेशात तिथे पोचते, तिच्यावर जीव जडलेला तरुण झाडाझाडावर कविता टांगत फिरतो आणि शेवटी झाडून सगळ्यांची लग्नं लागतात. आम्हाला ते परीक्षेपुरतं होतं. शेठ त्यात राहायलाच गेला होता. "आपल्या मेसच्या काकू रानात गेल्या, तं पोळ्या लाटता लाटता राज्य चालवतीन," तो म्हणे. मी विचारलं, "आणि इंग्रजीचे सर?" म्हणाला, "ते वेशीवरच थांबतीन. पाटी वाचत."

समुद्रपूरच्या किराणा दुकानदाराचा एकुलता एक मुलगा, म्हणून आमच्या वसतिगृहात तो शेठ होता. 'जंगल' आम्ही मागाहून जोडलं. खरं जंगल त्याने तळेगावकडे जाताना मोटारीच्या खिडकीतून पाहिलं असेल तेवढंच. मी वर्ध्याला त्याचा खोलीतला सोबती, त्यामुळे सकाळचा चहासुद्धा मला त्या नाटकासोबतच घ्यावा लागे.

एकदा सर वर्गात म्हणाले, की या नाटकात फारसं काही घडतच नाही, गाइडमधलं उत्तर पाठ करा आणि पुढे चला. शेठ उभा राहिला. "सर, त्याच्यातच तं मजा हाये. कोनाले काई काम नाई, म्हनून मानसं एकमेकाशी बोलून राह्यली." वर्ग हसला, सरही हसले. पुढे मी त्या नाटकावर विद्वानांचं पुष्कळ वाचलं, पण याहून शहाणं वाक्य माझ्या वाचनात आलं नाही. परीक्षेत मात्र या गड्याने त्या एका प्रश्नावर पुरवणीमागून पुरवणी भरली, बाकीचे प्रश्न तसेच कोरे ठेवले आणि नापास झाला.

मग वडील वर्ध्याला आले. धोतर, काळी टोपी, मोजकं बोलणं. मुलाला दुकानावर न्यायचं हे ठरवूनच आले होते. शेठने हुज्जत घातली नाही. एवढंच म्हणाला, "बाबूजी, ज्याच्या पायी नापास झालो, ते एकदा पाहून घ्या. मंग म्हनसान तसं." "दाखव," वडील म्हणाले. "गावासमोर दाखव. गावाले समजलं तं शिकजो. नाई तं तराजू हाये."

शेठने ते नाटक मराठीत, म्हणजे समुद्रपूरच्या मराठीत उतरवलं. नायिका मला केलं. मला नुकतीच मिशी फुटली होती आणि ती काढायला मी साफ नकार दिला. शेठ म्हणाला, "राहू दे. पोरगी तशीबी मानसाच्या भेसात हाये." स्वतः त्याने रानातल्या उदास माणसाचं काम घेतलं. शेवटी राजाला राज्य परत मिळतं, सगळे घरी निघतात आणि हा एकटा रानात मागे राहतो. झाडांना टांगलेल्या कवितांचं काय करायचं, यावर तो अडला नाही. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले, की लोक झडत्या म्हणतात. एकाने दोन ओळी ठणकावायच्या, दुसऱ्याने त्यांना दोन ओळींनी उत्तर द्यायचं. शेठने प्रियकराच्या तोंडी झडत्या घातल्या आणि नाटकही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कापसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या पटांगणात लावलं. हीच त्याची चूक.

पहिला अंक छान गेला. माझ्या मिशीला सगळ्यांत जास्त हशा मिळाला. मग प्रियकर झालेल्या आमच्या मित्राने छाती काढून म्हटलं,

"पाटलाच्या वावरात पऱ्हाटी फुलली,
माह्या जीवाची वाट ह्या रानात भुलली."

झडतीनंतरच्या रिवाजाप्रमाणे पटांगण एका आवाजात "हर हर महादेव" गरजलं आणि मधल्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी पागोटं सावरत उठला. झडती झाली म्हणजे तिला उत्तर आलंच पाहिजे, ही तर गावची रीत.

"वाट भुलली तं भुलू दे गड्या,
पोरीच्या बापाले दाव बैलजोड्या."

हशा उसळला. आमचा प्रियकर पाठ केलेलं तेवढंच जाणत होता. तो माझ्याकडे पाहू लागला, मी शेठकडे. गाव आता नाटक विसरून उत्तराची वाट पाहत होतं. "हारले, हारले," पोरं ओरडू लागली. शेठ विंगेत पांढराफटक उभा होता. त्याला एवढं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. पुढच्या बाकावर वडील हाताची घडी घालून बसले होते.

ते उठले. टोपी नीट केली, मंचाकडे पाठ केली आणि गावाकडे तोंड करून म्हणाले,

"जोडी पुसता तुमी, जीव पुसत नाई,
माह्या पोराच्या रानात भाव होत नाई."

जन्मभर तराजूमागे बसलेल्या माणसाच्या तोंडून हे आलं. पटांगण पुन्हा "महादेव" गरजलं आणि म्हाताऱ्याने हसून हात जोडले. नाटक पुढे सुरू झालं आणि लग्नं लागेपर्यंत कुणी हललं नाही. माझ्या लग्नात तर पुढच्या बायकांनी ओंजळीतून खऱ्या अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी वडील आम्हाला मोटारीवर पोचवायला आले. शिक्षण की तराजू, हा निकाल त्यांनी अजून दिला नव्हता. शेठने आपली पेटी भरून आणली होती, पण त्याची विचारायची छाती होत नव्हती. पेटी टपावर चढली तेव्हा ते म्हणाले, "नाटक समजलं. एक गोष्ट पटली नाई. सगळे गेले अन् तू मांगं रायला."

"तसंच हाये त्याच्यात, बाबूजी."

"असन. पन मांगं राहाचा पार्ट माहा हाये. तू जाय."

मोटार सुटली. एरवी मोटारीतल्या प्रत्येक माणसाला रानात जागा देणारा जंगलशेठ हिंगणघाट येईपर्यंत तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत होता. पुढे त्याने जन्मभर इंग्रजी शिकवलं, तेच नाटक कितीदा तरी शिकवलं. त्याचे विद्यार्थी सांगतात, सर शेवटच्या प्रवेशाला आले, सगळे रानातून निघाले आणि तो उदास माणूस एकटा मागे राहिला, की पुस्तक मिटून म्हणायचे, "एवढं तुम्ही घरी वाचा."