धारणीत एस्तूने काय मागितलं

धारणीहून मावशीचा फोन आला तेव्हा मी एस्तूच्या पायांना तेल लावत होते. "कापणीच्या सणाले या तुमी दोघी. लेकरासाठी प्रार्थना ठेवू," मावशी म्हणाली. मी लगेच हो म्हटलं नाही.

एस्तेर, म्हणजे आमची एस्तू, नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही आणि एकेक शब्द तिला ओढून काढावा लागतो. मागे इथे अमरावतीत एका सभेत बाहेरून आलेल्या उपदेशकाने तिला सगळ्यांसमोर "ऊठ" म्हटलं. तिने खरंच प्रयत्न केला. हात खुर्चीवर रेटले, ओठ दाताखाली आला. परतताना रिक्षात तिने विचारलं, "मी... कमी... पडले?"

तेव्हापासून तिच्यासाठी कुणी चारचौघांत प्रार्थना करणार म्हटलं की मला धडकी भरते. मग त्या धडकीचीही भीती वाटते. माझाच विश्वास उणा पडतोय का? मला वाचायला आजोबांनी शिकवलं, घरीच, पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, बोट ठेवून. त्यांची एकच ताकीद होती: प्रार्थनेत खोटं बोलायचं नाही. धारणीत कुणी विचारलं, काय मागायचं, तर मी काय सांगणार? "हिला चालू दे" म्हणेन तर एस्तूचा तोच चेहरा पुन्हा समोर येणार. "तसं काही नको" म्हणेन तर ते खोटं. पण वाटेत जंगल लागतं हे कळल्यावर एस्तूने "जायचं" एवढंच म्हटलं, आणि मी बॅग भरली.

तुम्हीही अशा मुलाला घेऊन मेळघाटात जाणार असाल तर सकाळचीच एसटी धरा. परतवाड्याला गाडी बदलून पुढे निघालं की घाट सुरू होतो, मग सेमाडोह, हरिसाल. महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. व्हीलचेअर घडीची हवी. एक मोठी चादर जवळ ठेवा, वाटेत कपडे बदलताना आडोशाला लागते. मी औषधं दोन पिशव्यांत विभागून घेतली होती, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून.

कंडक्टरने व्हीलचेअर स्वतः आत चढवली. "मॅडम, पोरीले पुढंच बसवा," तो म्हणाला. "मांगं बसली तं घुसळून लोणी निघंल तिचं." एस्तू इतकी हसली की मला तिची मान धरावी लागली. रस्ता मध्येमध्ये फारच खराब, पण दोन्ही बाजूंना साग उभा. माकडं दिसली की ती माझा दंड दाबायची. सेमाडोहला गरम भजी खाल्ली आणि चहा घेतला. तिचा मी थंड करून स्ट्रॉने दिला.

मावशी धारणीजवळच्या एका गावात राहते. तिचे यजमान तिथल्या चर्चच्या मंडळीचे पाळक होते. माझं सामान बघून ती म्हणाली, "अवो माय! संसार घेऊन आली का वं?" रात्री ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचं वरण आणि धारणीच्या खव्याचा पेढा.

दुसऱ्या दिवशी उपासना झाली. लोकांनी वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे आणि नवीन तूर आणून ठेवली. मग सगळे अंगणात सतरंजीवर गोल बसले. इथे प्रार्थनेआधी प्रत्येकाने आपली विनंती मोठ्याने सांगायची पद्धत आहे. कुणाची गाय हरवली होती, कुणाच्या मुलाची पोलीस भरती होती. मंडळीतल्या वडीलधाऱ्या फुलाबाई एकेकाला विचारत आमच्यापर्यंत आल्या.

त्या खाली बसल्या आणि थेट एस्तूकडे बघून म्हणाल्या, "काय पायजे माय तुले?"

"तिला..." मी सुरुवात केली.

"तुले नाई इचारलं, बाई. तिले इचारून राहिली मी."

एस्तूची मान डोलली. तोंडातून फक्त आवाज आला. फुलाबाई थांबल्या. ती आता "चालायचं" म्हणणार, या धास्तीने मी सतरंजी मुठीत धरली. तिने पुन्हा जोर लावला. समोर बसलेली तिच्याच वयाची एक मुलगी, सुगंती, म्हणाली, "मैत्रीण म्हनते ते. मैत्रीण पायजे म्हनते."

एस्तूने हुं केलं.

इतक्या वर्षांत हे मी एकदाही मागितलं नव्हतं.

फुलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "देवबापा, या पोरीले मैत्रीण दे. लवकर दे. आमेन." आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

जेवणानंतर सुगंती आणि तिच्या बहिणी व्हीलचेअर ढकलत बकऱ्यांकडे घेऊन गेल्या. मी मागे जायला उठले तर मावशीने माझा पदर धरून खाली बसवलं. "खात नाईत त्या तिले!" दिवे लागायच्या वेळेला त्या परत आल्या. एस्तूच्या मोज्यांना गवताची कुसळं चिकटली होती आणि चेहरा धुळीने माखला होता. सकाळी परतीच्या जीपपाशी सुगंती तिला म्हणाली, "पन तू तं चालली." एस्तू घाट उतरेपर्यंत मागच्या काचेकडेच वळून बसली होती. तिथे काही दिसत नव्हतं.

घरी येऊन मी ती कुसळं एकेक काढली. संध्याकाळच्या प्रार्थनेत एस्तू आता स्वतःची विनंती स्वतःच सांगते. "चालू दे" मी अजूनही मागते, मनातल्या मनात. ते खरं आहे आणि ते थांबणार नाही. पण तिचं मागणं ऐकून आमेन म्हणायचं आणि दाराला कडी लावून बसायचं, हे मला जमेना. बिल्डिंगमधल्या एकाही मुलीला मी कधी घरी बोलावलं नव्हतं. त्या टक लावून बघतील, काहीतरी विचारतील आणि एस्तूला लागेल, म्हणून.

शनिवारी मी खालच्या मजल्यावर, एस्तूएवढ्याच जोयाच्या घरची बेल वाजवली. तिच्या आईने दार उघडलं. मी काय बोलले ते नीट आठवत नाही, बहुतेक फार लांबण लावली. आईच्या मागून जोयाने डोकं काढलं.

"आंटी, वो क्या खेलती?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. "चल, उसीको पूछ."

तिने आईकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या आणि माझ्या आधी जिना चढून गेली.