भावोजी कोरडे झाले

माझे भावोजी जॉकी. शर्यतीआधी स्वतःला खोगिरासकट काट्यावर तोलून द्यायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम; ठरल्याहून जास्त भरलं तर घोडा हातचा गेला. अंगकाठी अशी की तबेल्यात सगळे त्यांना 'मूठभर' म्हणायचे. मेहुणी म्हणून थट्टेचा हक्क माझा. तुमच्यापेक्षा आमची इस्त्री जड, असं मी तोंडावर सांगायचे. पण चाळिशीकडे झुकल्यावर मूठ सैल पडू लागली आणि घाम काढून वजन उतरवायला घरात रबरी सूट आला.

मला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. गळ्याशी, मनगटांशी, घोट्यांशी घट्ट इलॅस्टिक. वारा आत शिरायची सोय नाही. थंडीत पहाटे थोडा वेळ घातला की आखडलेलं अंग मोकळं होतं, हे त्यांचं म्हणणं मी मान्य करीन. वजनाचं मात्र निव्वळ सोंग. उतरतं ते पाणी, चरबी जागच्या जागी. शर्यतीनंतर तांब्याभर पाणी पोटात गेलं की काटा पुन्हा वर.

जॉकी लोकांत एक शब्द आहे, 'कोरडा'. सुटात घाम यायचा थांबला, म्हणजे अंगातून काढण्यासारखं काही उरलं नाही, गडी काट्यावर चढायला तयार. कोरडा झालेल्याची पाठ थोपटतात.

त्या दुपारी भावोजी न्हाणीघरात होते. दार बंद, गरम पाण्याचा नळ सोडलेला, अंगात सूट आणि दोरीवरच्या उड्या. आदल्या दिवसापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मोडलेला खांदा बरा झाल्यावर मिळालेली ही पहिली शर्यत. ही हुकली तर पुन्हा कुणी घोड्यावर बसवणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि ताईलाही. त्यांना घोडा देणारा ट्रेनर बाहेरच्या खोलीत गाडीची किल्ली वाजवत बसला होता. ताई त्यांच्या रेशमी सदऱ्याला इस्त्री करत होती. माझे कान दोरीकडे होते.

दोरी थांबली. मग आतून आवाज आला, "कोरडा झालो."

ताईच्या जिवात जीव आला. ट्रेनर उठला. भावोजी बाहेर आले ते भिंत धरून. चेहरा लालबुंद आणि त्यावर घामाचं टिपूस नाही. मी हात धरला तर तापल्या तव्याला बोट लागावं तसा चटका बसला. माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, खोगीर कुठे ठेवलंस?"

ट्रेनर म्हणाला, गाडीत बसवा, वाऱ्यावर हुशारी येईल. ताईने इस्त्री उभी केली. ही शर्यत तिलाही हवी होती. खांदा बांधून घरात कुढणारा नवरा तिने महिनोन्‌महिने पाहिला होता. क्षणभर मला तिचीच भीती वाटली. मग तिने कात्री उचलली आणि गळ्यापासून सूट कापायला सुरुवात केली.

"कापू नकोस," भावोजी म्हणाले आणि तिच्याच अंगावर कोसळले.

आम्ही त्यांच्यावर गार पाण्याच्या बादल्या ओतल्या, ओली चादर टाकली, पंखा लावला. मीच अँब्युलन्स बोलावली. ट्रेनर खोगीर उचलून दुसरा जॉकी शोधायला गेला. एवढा संताप मला जन्मात आला नव्हता.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. अंग थंड ठेवायचं काम घामाचं. इतक्या तापल्या अंगाला घाम येत नाही, म्हणजे शरीराने हात टेकले. मग मेंदू आणि मूत्रपिंडं आतल्या आत होरपळतात. आणखी थोडा वेळ गेला असता तर आम्हाला त्यांना जिवंत घरी नेता आलं नसतं. इतकी वर्षं हे लोक नेमकी कशावर पाठ थोपटत होते, ते मला तेव्हा कळलं.

भावोजी नीट शुद्धीवर आल्यावर ट्रेनर फळं घेऊन आला. पुढच्या महिन्यात एक चांगला घोडा आहे म्हणाला, सूट नवा मी आणून देतो. ताई खाटेचा कठडा धरून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

ट्रेनरच्या देखत जॉकी कधी पाणी मागत नाही. मागितलं की तो शर्यतीतून नावच काढून टाकतो. भावोजींनी त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि ताईपुढे हात केला.

"पाणी दे गं," ते म्हणाले. "पेला भरून दे."