कुसुमताई सांगायची ती बाई

कुसुमताई गेली यावर माझा अजून विश्वास बसत नाही. गुरुवारी संध्याकाळी सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, भाजी घेताना भेटली, "उद्या लवकर या गं, मेल्यांनो" म्हणाली आणि शुक्रवारी सकाळी तिच्या नवऱ्याचा, आमच्या भावोजींचा फोन… "कुसुम गेली. हार्ट अटॅक." अहो, चाळिशी नुकतीच ओलांडली होती तिनं! आज दीड महिना झाला, पण धक्का ओसरायच्या ऐवजी दुप्पट झालाय. का, ते सांगते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून आम्ही कतारला आलो. शुक्रवारी दुपारी नवरे घोरायला लागले की आम्ही मैत्रिणी अल रय्यानला कुसुमताईच्या घरी. बाकी सगळ्यांकडे व्हीसीआरवर हिंदी सिनेमे. हिच्याकडे इंग्लंडहून आलेल्या, खऱ्या गुन्ह्यांवरच्या डॉक्युमेंटरी. आमचं इंग्रजी भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं, म्हणून ती निवेदक गोऱ्याचा आवाज बंद करायची आणि स्वतः मराठीत सांगायची. एक कॅसेट तर पुन्हा पुन्हा लावायची. तिकडे राहायला गेलेली आपल्याकडची एक बाई, राहत्या घरात तिचा खून, खुनी सापडलाच नाही. पडद्यावर बंद दार, पोलीस, एक धूसर फोटो. पण कुसुमताई काय काय सांगायची! ती बाई आमटीत गूळ जास्त घालायची, आणीबाणीची बाजू घेणाऱ्या वडिलांशी कडाकडा भांडली होती, कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची…

"एवढं सगळं सांगतात त्यात?" वत्सलावहिनींनी एकदा विचारलं.

"नीट ऐकलं की कळतं."

"पण आपल्याला काय करायचंय? कुठली कोण बाई!" असं मी म्हटलं मात्र, ती उसळलीच. "गोरी असती तर पोलिसांनी जमीन खणून काढली असती. आपली बाई म्हटल्यावर फाईल खलास. आणि तुम्हीही असंच म्हणा!" राजकारण तिला असं मध्येच चढायचं. आम्ही हसून सोडून द्यायचो.

गेल्या शुक्रवारी आम्ही भावोजींना भेटायला गेलो. तिची आठवण म्हणून तीच कॅसेट लावली, या वेळी आवाज चालू ठेवून. शेजारी माझी मनीषा, इथल्या इंग्लिश शाळेत शिकणारी. मी तिला आमटीचं, भांडणाचं सांगायला लागले तर म्हणते, "आई, ही इज नॉट सेइंग दॅट. ओन्ली 'ॲन एशियन हाउसवाइफ'. नो नेम इव्हन."

रिवाइंड करून पुन्हा लावली. खरंच, बाकी काही नव्हतंच त्यात. मग हे सगळं तिनं आणलं कुठून?

दारात भावोजी उभे होते. "माझी मेहुणी ती. शैला. कुसुमची धाकटी बहीण."

बाई गं! इतकी वर्षं आम्ही चिवडा खात तिच्या सख्ख्या बहिणीचा खून बघत होतो, आणि ती आमच्यात बसून… वत्सलावहिनी तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. मी टीव्ही बंद करायला उठले.

"राहू द्या," भावोजी म्हणाले आणि आमच्यासमोर सतरंजीवर बसले. "तार आली त्या दिवसापासून तिनं घरात शैलाचं नाव काढलं नाही. मी काढलं तर उठून जायची. मी शैलाला आमच्या लग्नात पाहिलं, तेवढंच. तुम्हाला सगळं सांगायची ना? मग मलाही सांगा हो… कशी होती ती?"